खिळा, काटा आणि काळा दगड

ॲडव्हेंचर बाइक घ्यायची म्हटलं की सगळे इंजिनाबद्दल बोलतात. पण नाशिकहून तुम्ही कुठल्या दिशेला बाहेर पडता, यावर तुमचं चाक आणि टायर ठरायला हवा!

शनिवारची सकाळ, साडेसात. नाशिकमधल्या कुठल्याही नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणाबाहेर पाच मिनिटं उभे राहा. पार्किंगमध्ये ॲडव्हेंचर बाइक्सची रांगच लागलेली असते. कुणाच्या मागे ॲल्युमिनियमच्या पेट्या, कुणाच्या इंजिनाभोवती क्रॅश गार्डचा पिंजरा, कुणाच्या हँडलखाली फॉगलॅम्पची जोडी. एमएच १५ बरोबर एमएच १२ आणि एमएच ०४ सुद्धा दिसतात, कारण पुण्या-ठाण्याच्या मंडळींना वीकेंडचं नाशिक म्हणजे ‘असं गेलो आणि असं आलो’. आत रस्सा वाढून घेता घेता चर्चा रंगलेली असते ती हॉर्सपॉवरची, टॉर्कची आणि सायलेन्सरच्या आवाजाची. दिवसभरात सगळ्यात जास्त मार खाणारी वस्तू मात्र बाहेर गुपचूप उभी असते. चाकं!

बाइक निवडण्यासाठी चार-चार महिने व्हिडिओ बघणारा माणूस शोरूममध्ये चाकाबद्दल एकच प्रश्न विचारतो, ‘अलॉय आहेत ना?’ हो म्हटलं की खूश. नाही म्हटलं तर सेल्समन सांगतो, ‘सर, ऑफरोडिंगला स्पोकच पाहिजेत,’ आणि तो पुन्हा खूश. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही अर्धवट. आमचं म्हणणं असं, की चाक निवडताना ब्रोशर बाजूला ठेवून एकच विचार करा. तुमची गाडी अडलीच तर ती कुठे अडेल आणि तिथे ती सोडवायला कोण असेल? हाताशी पंक्चरवाला असेल, की तुम्ही एकटेच?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला नाशिकसारखी जागा नाही. तासाभराच्या अंतरात इथे तीन वेगवेगळ्या प्रकारचे रस्ते आहेत आणि तिघांची टायर फाडायची पद्धत वेगळी आहे.

आधी खिळा

नाशिक म्हणजे देवळांचं आणि द्राक्षांचं गाव, हे पाहुण्यांसाठी. रोज सकाळी साडेआठची शिफ्ट गाठणाऱ्यांसाठी ते कारखान्यांचं गाव आहे. सातपूर आणि अंबड. महिंद्र, बॉश (जुन्या नाशिककरांसाठी अजूनही ‘मायको’च), आणि गंमत म्हणजे टायर बनवणाऱ्या सिएटचा कारखानाही सातपुरातच. या मोठ्यांच्या सावलीत शेकडो छोटे वर्कशॉप. लेथमधून निघालेली धातूची कुरळी पट्टी, पत्र्याचे तुकडे, वेल्डिंगच्या रॉडची टोकं, तुटके बोल्ट हे सगळं भंगाराच्या टेम्पोतून जातं आणि त्यातलं थोडंफार रस्त्यावर सांडतं. पहिला पाऊस झाला की हा सगळा माल पाण्याबरोबर रस्त्याच्या कडेला येऊन बसतो. म्हणजे नेमका तिथे, जिथून आपण टूव्हीलरवाले ट्रॅफिक टाळत सटकतो! त्यात सिंहस्थ जवळ आला की शहरभर खोदकामं निघतात आणि सेंट्रिंगचे खिळेही या मालात जमा होतात.

पंक्चर नेहमी मागच्याच चाकाला जास्त का होतं, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा टायरमध्ये सहसा घुसत नाही. पुढचं चाक त्याच्यावरून जातं, त्याला उडवतं, क्षणभर उभं करतं आणि मागचं चाक त्याच्यावर येऊन बसतं. त्यात मागच्या चाकावर वजन जास्त. पुढच्याचं पाप मागच्याच्या माथी म्हणतात ते हेच.

आता समजा, तुमच्या चाकात ट्यूब आहे. खिळा ट्यूबमध्ये घुसला, हलला, भोक मोठं झालं. ट्यूबमधून सुटलेली हवा टायरमध्ये थांबत नाही. रिमला स्पोकची जितकी भोकं असतात, तितक्या दारांनी ती बाहेर पडते. मुंबई-आग्रा हायवेवर ऐंशी-नव्वदच्या स्पीडला हे मागच्या चाकाला झालं तर गाडी शेपूट हलवायला लागते. पुढच्याला झालं तर हँडल हातात राहत नाही. आणि बाजूला कंटेनर असतो. टायर ट्यूबलेस असेल तर तोच खिळा स्वतःच बूच बनून बसतो. हवा जाते, पण हळूहळू. तुम्हाला गाडी जड लागायला लागते, तुम्ही कडेला घेता. पंक्चर व्हायचं ते होतंच, पण ते तुम्हाला विचार करायला वेळ देतं. हायवेवर हा वेळ म्हणजेच सेफ्टी.

द्वारकेच्या पुढे हायवेला लागून एक पंक्चरवाले चाचा बसतात. बाहेर खांबाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘हवा’, आणि आत पाण्याची चेपलेली टाकी. त्यांना विचारलं, ट्यूबवाली बाइक बरी की ट्यूबलेस? चाचा हसले. म्हणाले, ‘भाऊ, ट्यूबलेसचं काम पाच मिनिटाचं. चाक खोलायचं नाही, खिळा काढला, दोरी मारली, चला. ट्यूबवाली आली की माझी अर्धी दुपार जाते. पण एक सांगतो, अलॉयची रिम वाकून आली ना, तर मी हात जोडतो. ते माझं काम नाही.’

चाचांचं हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

शहर, एमआयडीसी, हायवे एवढंच तुमचं जग असेल, महिन्याकाठी एकदा कसारा घाट उतरून मुंबईला जाणं हाच तुमचा ॲडव्हेंचर असेल (यात लाज वाटण्यासारखं काही नाही, घाटातल्या ट्रकच्या रांगा हा ॲडव्हेंचरच असतो), तर वाद घालायला जागाच नाही. अलॉय आणि ट्यूबलेस. पुढे १९ इंच, मागे १७ इंच अलॉय हा या मंडळींसाठी ठरून गेलेला मेळ आहे. बीएमडब्ल्यूची जी ३१० जीएस २०१८ मध्ये याच मापात आली, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये. रस्त्यावर वळायला चपळ, खड्ड्याला थोडीफार दाद न देणारी, आणि पंक्चर झालंच तर चाचांचं पाच मिनिटांचं काम.

जाता जाता, ‘समृद्धीवर बाइक पळवू’ असं स्वप्न असेल तर ते गुंडाळून ठेवा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. तिथे सुरुवातीला टायर फुटून झालेल्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की २०२३ मध्ये आरटीओने गोटा झालेल्या टायरच्या गाड्या तपासून अडवायला सुरुवात केली. आपल्याला अडवायला तिथे कुणी नाही, म्हणून आपण आपला टायर बघायचा नाही, असं थोडंच आहे?

मग काटा

उत्तरेला निघा. दिंडोरी, वणी, नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगी गड. किंवा त्याही पुढे कळवण, सटाणा, ताहाराबाद करत बागलाणात साल्हेरच्या पायथ्याला. साल्हेर म्हणजे राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, कांद्याच्या चाळी, डाळिंब आणि शेताच्या बांधावर बाभूळ. देशी बाभूळ, वेडी बाभूळ, बोर, हिवर... आमच्याकडे कुंपणाला तार परवडत नाही तिथे काटेरी फांद्या तोडून टाकतात. त्या वाळतात, वाऱ्याने रस्त्यावर येतात. वाळलेला बाभळीचा काटा सुईसारखा टणक असतो आणि चपलेच्या तळव्यातून आरपार जातो हे गावाकडे मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा.

काट्याचं पंक्चर खिळ्यासारखं नाट्यमय नसतं. रात्री गाडी लावली, सकाळी टायर बसलेला. भोक इतकं बारीक की पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवली तरी बुडबुडा शोधावा लागतो. आणि इथे एक जुनी फसगत आहे. काट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून आत राहतं, बाहेरून काही दिसत नाही. पंक्चरवाल्याने घाईत ट्यूबला पॅच मारून दिला की पाच किलोमीटरवर तेच टोक पुन्हा टोचतं. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बोट नाही, फडकं! जिथे धागा अडकेल तिथे काटा.

या बारीक भोकांवर सगळ्यात उत्तम औषध म्हणजे सीलंट. टायरमध्ये ओतायचं चिकट द्रव्य, त्यात बारीक तंतू असतात. चाक फिरताना ते आतल्या बाजूला पसरतं. भोक पडलं की हवेबरोबर भोकाकडे धावतं आणि तिथेच अडकून बूच बनतं. ट्यूबलेस टायरमध्ये हा प्रकार छान चालतो, काट्याला तर कळतही नाही आपण टोचलो होतो ते. ट्यूबमध्येही ओततात, पण तिथे भरवसा कमी. ट्यूब ताणलेली असते, भोक फाटत जातं, आणि पॅच मारायची वेळ आली की त्या ओशट ट्यूबला पॅच चिकटतच नाही. सीलंट घातलेलं चाक बघून पंक्चरवाल्याचं तोंड वाकडं होतं, त्याला कारण आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कारखान्यातूनच सीलंटचा थर घेऊन आलेला टायर. सिएटने मोटरसायकलींसाठी ‘पंक्चर सेफ’ नावाने असे टायर आणले. आतल्या बाजूला जेलसारखा थर असतो आणि साधारण अडीच मिलिमीटर जाडीच्या खिळ्यापर्यंतचं भोक तो बुजवतो, असा कंपनीचा दावा. बाभळीच्या काट्यासाठी हे भरपूर झालं. फक्त आपल्या साइजमध्ये तो मिळतो का, हे दुकानात आधी विचारा. रोजच्या ऑफिसच्या बाइकच्या साइज आणि ॲडव्हेंचर बाइकच्या साइज यांत फरक असतो. ‘पंक्चर-प्रूफ’ हा शब्द कुणी वापरला तर मात्र सावध व्हा. पंक्चरला दाद न देणारा हवेचा टायर अजून जन्मायचा आहे. भोक ट्रेडवर पडलं तर बुजेल, टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर जगातलं कुठलंही द्रव्य ती बुजवत नाही.

निफाडच्या बाजूला पावसाळ्यात गेलात तर काळ्या मातीचा प्रसादही घेऊन या. ही माती टायरला नुसती लागत नाही, ती बसते. ट्रेडच्या खाचा भरल्या की कितीही महागाचा टायर घ्या, तो गोटाच. दोन किलोमीटर चाललात की मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये एवढा चिखल जमतो की चाक फिरायचं थांबतं. खरीखुरी ऑफरोड बाइक बघितलीत तर तिचं पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, चोचीसारखं असतं. ती फॅशन नाही.

आणि काळा दगड

आता पश्चिमेला. इथेच तर सगळ्यांना जायचं असतं. त्र्यंबक, अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या पायथ्याचं निरगुडपाडा, घोटीहून अप्पर वैतरणाच्या पाण्याकडेने त्र्यंबकला येणारा रस्ता, त्र्यंबकहून तोरंगण घाट उतरून मोखाडा-जव्हार. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात ढग रस्त्यावर उतरलेले असतात, भाताची खाचरं भरलेली असतात, आणि प्रत्येक वळणावर एक धबधबा आणि पन्नास सेल्फी असतात.

आणि खाली सह्याद्रीचा काळा पाषाण असतो. या बेसॉल्टची खासियत अशी, की तो फुटला की त्याला धार येते. इथल्या रस्त्याची खडीही त्याचीच. पावसाने डांबर धुऊन नेलं की उरतो तो खड्डा गोल वाटीसारखा नसतो, त्याला चारी बाजूंनी कडा असतात. वरून गढूळ पाणी भरलेलं. खोली किती, हे तुम्हाला तुमची रिम सांगते.

या भागात खिळा मिळत नाही, काटाही कमी. इथे पंक्चर होतं ते वेगळ्याच पद्धतीने. चाक धारदार कडेवर आपटतं, टायर क्षणभर पूर्ण दबतो, आणि ट्यूब मधल्या मध्ये दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाते. बाहेर काढून बघाल तर शेजारी-शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. रायडर मंडळी त्याला ‘स्नेक बाइट’च म्हणतात. टायर ट्यूबलेस असेल तर चिमटायला ट्यूबच नाही, पण मग सगळा मार रिमच्या ओठाला. अलॉय म्हणजे एकसंध ओतीव तुकडा. तो थोडा वाकतो, जास्त बसला तर तडकतो. ओठ वाकला की टायर आणि रिम यांच्यामधली फट उघडते आणि सगळी हवा तिथून जाते. इथे चाचांचं वाक्य आठवा. वाकलेली अलॉय रस्त्यात कुणीही सरळ करून देत नाही. तडकलेली अलॉय वेल्डिंग करून वापरायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे निघा.

स्पोकचं चाक वेगळं वागतं. धक्का एका जागी न राहता तारांमधून वाटला जातो, रिम लवते. फारच बसलं तर वाकते, पण आत ट्यूब असल्यामुळे हवा रिमवर अवलंबून नसते. वाकड्या रिमने हळूहळू डुगडुगत का होईना, तुम्ही घरी येता. सोमवारी कारागिराकडे जाऊन स्पोक आवळून रिमचा आउट काढून घेता. थोडक्यात काय, तर अलॉयचं पंक्चर सोपं आणि मोडणं अवघड, स्पोकचं पंक्चर अवघड आणि मोडणं सोपं. सगळा झगडा एवढाच आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं त्र्यंबकहून जव्हारला निघालो होतो. पाऊस संपलेला, रस्ते मात्र पावसाळ्यातलेच. तोरंगण घाट उतरल्यावर, उजेड जायच्या बेतात असताना, एका मैत्रिणीच्या मागच्या चाकाला ‘साप चावला’. बँकेत नोकरी करणारी, व्यवस्थित मुलगी. तिच्याकडे पाने होते, लिव्हर होते, पंपही होता. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटचं पंक्चरचं दुकान आम्ही मागे त्र्यंबकला सोडलं होतं, पुढचं मोखाड्याला. रस्ता अरुंद, वळणाच्या जरा पुढेच आम्ही थांबलेलो आणि वरून येणाऱ्या पिकअपना आम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसत होतो. दोघांनी वळणावर मोबाइलचे टॉर्च हलवत उभं राहायचं, दोघांनी चाक खोलायचं. मेन स्टँड नव्हता, तर दगड रचून गाडी टेकवली. टायर रिमवरून सुटेना. शेवटी दुसऱ्या बाइकचा साइड स्टँड टायरवर ठेवून तिचं वजन टाकलं तेव्हा तो ‘टप्’ करून सुटला. (ही युक्ती लक्षात ठेवा, फुकट आहे.) घाईत लिव्हरने नवी ट्यूबही चिमटली गेली. मग दुसरी ट्यूब काढली. ती होती पुढच्या २१ इंची चाकाची, तीच दुमडून मागच्या चाकात बसवली. पाड्यावरून येणारे एक काका थांबले, काही न बोलता टायरवर पाय देऊन उभे राहिले आणि शेवटची कडा आत गेली तेव्हाच हलले. दीड तास. जव्हारला पोचलो तेव्हा जेवायला मिळेल असं एकच हॉटेल उघडं होतं.

या दीड तासात अलॉयवाले दोघं काय करत होते? टॉर्च धरून उभे होते आणि आपल्या चाकांकडे प्रेमाने बघत होते. पण पहाटे परत येताना त्यातल्याच एकाची पुढची रिम खड्ड्याच्या कडेला लागून वाकली आणि त्याची गाडी टेम्पोत घालून नाशिकला आणावी लागली. मैत्रीण तिच्या दुमडलेल्या ट्यूबवर घरी आली.

मोठं चाक कशाला?

स्पोकवाल्या ॲडव्हेंचर बाइकचं पुढचं चाक बहुतेक २१ इंचाचं असतं. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये याच चाकावर आली, हीरोची एक्सपल्स २०१९ मध्ये, येझदीची ॲडव्हेंचर २०२२ मध्ये. ९०/९०-२१ या आकड्यांचा अर्थ: टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंच. गणित केलंत तर जमिनीपासून वरपर्यंत चाक होतं साधारण ६९ सेंटीमीटर. स्ट्रीट बाइकचं ११०/७०-१७ भरतं ५८-५९ सेंटीमीटर. बैलगाडीचं चाक मोठं का असायचं, त्याचंच हे उत्तर. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. दगडावर ते कमी तिरकस कोनात चढतं, आणि अरुंद असल्याने चिखल कापत खाली घट्ट जागेपर्यंत पोचतं. त्याची किंमत तुम्ही डांबरावर मोजता. वळताना ते जरा आळशी वाटतं आणि त्या मापात निव्वळ रोडचे चांगले टायर कमी मिळतात. १९ इंच ही मधली तडजोड आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्यासारख्या शनिवार-रविवारच्या भटक्यांपैकी निम्म्यांना तीच पुरते.

ट्रेडचंही तसंच. दातेरी, ठोकळ्या-ठोकळ्यांचे टायर फोटोत जबरदस्त दिसतात. त्र्यंबक रोडच्या ओल्या डांबरावर मात्र त्या ठोकळ्यांची फार थोडी जागा रस्त्याला टेकलेली असते, ब्रेकिंगला ते दचकवतात आणि भराभर झिजतात. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला त्याच बाइकवर जाणार असाल तर रस्त्याकडे झुकणारा टायर घ्या. ज्या दिवशी खरोखर चिखलात जायचं असेल त्या दिवशी हवा पाच-सहा पीएसआयने उतरवा, टायर पसरतो आणि पकड घेतो. फक्त ट्यूब असेल तर दगडाळ रस्त्यावर हा प्रयोग जपून, कारण हवा कमी झाली की साप चावायला टपलेलाच असतो. आणि डांबर लागलं की पुन्हा भरा. मागे कुणी बसणार असेल, पेट्या लागणार असतील तर मॅन्युअलमधला ‘पिलियन’चा आकडा बघा, तो सोलोपेक्षा जास्त असतो.

दोन्ही हवं? मग पैसे मोजा

स्पोकही पाहिजेत आणि ट्यूबही नको, असं म्हणणारा माणूस हावरट नसतो, शहाणा असतो. अडचण एवढीच, की साध्या रिममध्ये स्पोक मधोमध भोकं पाडून बसवलेले असतात, तिथून हवा जाणार. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसमध्ये यावर साधा उपाय काढला. स्पोक रिमच्या मधोमध न बसवता बाहेरच्या कडांना, एकमेकांना छेदून बसवले. हवेच्या खोलीला भोकच नाही! आपल्याकडे ही चैन खूप वर्षं मोठ्या, परदेशी बाइक्सपुरतीच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी हिमालयन ४५० आली ती ट्यूबवाल्या चाकांवर, आणि २०२४ मध्ये तिला असे ट्यूबलेस स्पोक व्हील्स भारतात मिळायला लागले. वरचे दहा-बारा हजार रुपये. ईएमआयवर बाइक घेणाऱ्याला ही रक्कम टोचते हे खरं, पण आमच्या मते पेट्या, फॉगलॅम्प आणि स्टिकर या सगळ्यांच्या आधी पैसे घालायची जागा हीच आहे. तो दीड तास आठवा.

‘भाऊ, तुमच्या साध्या स्पोकच्या रिमला आतून टेप आणि सिलिकॉन मारून ट्यूबलेस करून देतो,’ असं सांगणारेही भेटतात. काही जणांचं वर्षानुवर्षं नीट चालतं. पण एक गोष्ट तपासल्याशिवाय हे करू नका. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमच्या आत, टायरची कड जिथे बसते तिथे, एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड त्या उंचवट्यामुळे जागेवर राहते. निव्वळ ट्यूबसाठी बनवलेल्या रिमला तो नसतो. अशा रिमवर जुगाडाने ट्यूबलेस केलं आणि वळणावर हवा उतरली, तर टायर रिमच्या खोलगट भागात घसरतो आणि एका क्षणात सगळं संपतं. रिमवरच्या मापात ‘एमटी’ अक्षरं असली तर ती ट्यूबलेसची, ‘डब्ल्यूएम’ असली तर ट्यूबची. उलटं मात्र खुशाल करा. ट्यूबलेस चाकात गरजेला ट्यूब घालता येते. म्हणूनच अलॉयवाल्यांनीही जव्हार-मोखाड्याला जाताना पेटीत एक ट्यूब ठेवावी. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर दोरी आणि सीलंट दोघंही हात वर करतात, ट्यूब तुम्हाला गावापर्यंत आणते.

कुणी तुम्हाला डाकारच्या रॅलीतला दाखला देईल. तिथल्या बाइकच्या चाकात हवाच नसते, फोमचं कडं असतं, ज्याला ‘मूस’ म्हणतात. पंक्चर होण्याचा प्रश्नच नाही. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासून आपल्याकडच्या हौशी मंडळींना हा शब्द पाठ झाला आहे. पण मूस तापतो, डांबरावर सलग पळवला की खराब होतो आणि बसवताना दोन माणसांचा घाम काढतो. तो रॅलीवाल्यांसाठी ठीक आहे. त्यांच्यामागे मेकॅनिकची फौज असते, आपल्यामागे सोमवार असतो.

दुकानात गेलात की

टायर बदलायला गेलात तर दुकानदाराने कंपनीचं नाव घ्यायच्या आधी टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. ॲडव्हेंचरच्या साइज कमी खपतात, त्यामुळे माल दुकानात पडून राहतो. चार वर्षं माळ्यावर झोपलेला टायर नवा कोरा दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या घाटात ते तुम्हाला पहिल्या ब्रेकलाच कळतं. जुना टायर कधी टाकायचा? कायद्याने दुचाकीच्या ट्रेडची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. तो शेवटचा आकडा आहे, सल्ला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या दुप्पट शिल्लक असेल तरी आम्ही बदलूनच घेऊ.

आणि बाइक नवी असो की जुनी, एकदा रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचं चाक स्वतः काढून पुन्हा बसवा. तेव्हा कळेल की कंपनीने दिलेल्या टूलकिटमध्ये तुमच्या ॲक्सलच्या नटाचा पाना आहे की नाही, चेन किती घट्ट होती, स्पेसर कुठल्या बाजूचा कुठे जातो. चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, कॅलिपरचे पॅड बंद होतात आणि मग डिस्क आत जाता जात नाही. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बघायला बसतील, दोन-चार सूचना करतील. ऐकून घ्या, त्यांनी आयुष्यात आपल्यापेक्षा जास्त पंक्चरं काढलेली असतात. पहिल्यांदा तासभर लागेल, दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं. तिसऱ्या रविवारी डोळ्यांवर रुमाल बांधून करून बघा, म्हणजे घाटातल्या अंधाराचीही तालीम होते. वॉचमनकाका मात्र त्या दिवशी सेक्रेटरींना बोलावून आणतील, याची तयारी ठेवा.